वाचनातून शब्दसंपत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा. जिथे दुसरा क्रमांक दिलाय तिथे तोही पाहा.

१. नुसतं वाचून शब्द वाढतात का? की शेवटी पाठच करावे लागतात?

वाढतात, पण एका झटक्यात नाही. स्वानबोर्न आणि द ग्लॉपर या संशोधकांनी १९९९ मध्ये शाळकरी मुलांवरच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सहज वाचताना समोर आलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्के शब्द मुलांच्या पदरात पडले होते. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी निसटले. बहुतेकांची निराशा इथेच होते: 'एवढं वाचलं, आठवत काहीच नाही.' पण निसटलेला शब्द पूर्ण वाया जात नाही. पुढच्या खेपेला तो 'कुठेतरी पाहिलाय' इतपत ओळखीचा असतो, त्याच्या पुढच्या खेपेला त्याचा सूर कळतो, आणि कधीतरी अर्थ बसतो. वाचनातून येणारा शब्द असाच हप्त्याहप्त्याने येतो. म्हणून एकच शब्द पुन्हापुन्हा भेटेल असं वाचणं ही या सगळ्यातली खरी युक्ती आहे. खालची बरीचशी उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात.

पाठांतराने शब्द ओळखता लवकर येतो, यात शंका नाही. फक्त तो कुठे शोभतो आणि कुठे नाही, हे यादी सांगत नाही (प्रश्न ९).

२. त्यापेक्षा चांगलं बोलणाऱ्यांच्या संगतीत राहिलं तर?

राहा की! पण बोलण्यात शब्दांचा पैस लहान असतो. हेज आणि आहरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतली मोजदाद प्रसिद्ध केली. उच्चशिक्षित प्रौढांच्या आपापसातल्या गप्पांत हजार शब्दांमागे सुमारे १७ शब्द विरळ म्हणता येतील असे निघाले. लहान मुलांच्या पुस्तकांत तेच प्रमाण ३१ च्या आसपास होतं. मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या गप्पांना भारी पडली! कारण साधं आहे. बोलताना हातवारे, चेहरा, 'ते हे रे' असं सगळं मदतीला असतं. लिहिणाऱ्याकडे शब्दाखेरीज काही नसतं.

३. रोज किती वेळ वाचावं?

वीस मिनिटं, पण रोज. मिनिटाला दीडशे शब्द धरले तरी तेवढ्या वेळात तीन हजार शब्द होतात. रविवारी एकदम अडीच तास बसलात तर शब्दांची बेरीज जवळपास तेवढीच येते, पण मधल्या सहा दिवसांत विसरायला भरपूर वाव मिळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांतच सर्वांत वेगाने पुसलं जातं. शब्द पुसट होण्याआधी पुन्हा दिसायला हवा, आणि ते रोजच्या वाचनातच घडतं.

४. अवघड पुस्तक घेतलं तर शब्द जास्त मिळतील ना?

उलट कमी मिळतात. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून लागतो. शेजारीच अनोळखी असतील तर कोण कोणाची ओळख करून देणार? हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांना एकच गोष्ट कमीजास्त अनोळखी शब्द घालून वाचायला दिली. पाचातला एक शब्द अनोळखी होता तेव्हा ती एकालाही नीट समजली नाही. आधाराशिवाय आरामात वाचता यावं यासाठी १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांनी काढलं. आकडा इंग्रजीचा आहे, आणि मराठीत विभक्तीमुळे एकाच शब्दाची डझनभर रूपं होतात, म्हणून तो तंतोतंत लावू नका. अंदाज घ्यायला मात्र चालतो. पुस्तक मध्येच उघडा, एक पान वाचा. साधारण अडीचशे शब्दांच्या पानात पाच-सहा अडले तर पुस्तक तुमच्यासाठी नेमकं आहे. पंधरा अडले तर सहा महिन्यांनी बघा. एकही अडला नाही तर मजेसाठी वाचा. शब्दांसाठी दुसरं शोधा.

५. विषय बदलत राहावं, की एकाच विषयाला चिकटून राहावं?

सुरुवातीला चिकटून राहा. याच्या उलट सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो मला पटत नाही. आज शेती, उद्या खगोलशास्त्र, परवा संगीत असं वाचलं की प्रत्येक विषयाचे शब्द एकेकदा भेटतात आणि निघून जातात. त्याऐवजी पक्ष्यांवरची तीन-चार पुस्तकं पाठोपाठ वाचा. 'विणीचा हंगाम', 'शेपटी', 'तुरा', 'थवा', 'घरटं' यांतले ओळखीचे शब्द बाजूला राहतील, पण 'वीण' दहा वेळा भेटेल आणि अकराव्यांदा ती न अडखळता वाचाल. एकाच लेखकाची दोन-तीन पुस्तकं सलग वाचण्याचाही हाच फायदा: प्रत्येकाचे लाडके शब्द असतात. एका विषयात पाय रोवले की मग खुशाल उडी मारा.

६. अडलेला प्रत्येक शब्द कोशात बघू का?

नको. वाचनाचा धागा तुटतो आणि आठवड्याभरात पुस्तकही सुटतं. माझा नियम असा: पहिल्यांदा भेटला, सोडून द्या. त्याच पुस्तकात पुन्हा भेटला तर पेन्सिलीने बारीक टिंब करा. तिसऱ्यांदा आला तर तो तुमच्या मागेच लागलाय. प्रकरण संपल्यावर कोश उघडा. अपवाद एकच. ज्या शब्दावर वाक्य किंवा अख्खा परिच्छेद लटकलेला आहे, तो लगेच पाहा. 'त्याने जामीन राहायचं नाकारलं' यात 'जामीन' कळला नाही तर पुढची कथाच कळणार नाही.

७. संदर्भावरून अंदाज बांधा म्हणतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

हे वाक्य घ्या: 'पंचांनी दोघांचं ऐकून घेतलं, पण निकालात थोरल्याला झुकतं माप दिलं. धाकट्याने तिथल्या तिथे उजर केला; त्याला कोणी दाद दिली नाही, तेव्हा तो तणतणत निघून गेला.'

'उजर' अडला असं समजू. आधी शब्दाचं काम बघा. 'उजर केला' म्हणजे नाम, पुल्लिंगी, आणि करण्याची गोष्ट. मग मागे बघा: निकाल त्याच्या विरोधात गेलाय. पुढे बघा: 'दाद दिली नाही' म्हणजे त्याने काहीतरी मागितलं किंवा म्हटलं होतं. 'तणतणत' वरून तो खूश नव्हता हे उघड आहे. आता उजरच्या जागी 'हरकत', 'तक्रार', 'आक्षेप' घालून वाक्य वाचा. तिन्ही बसतात ('घेतली', 'घेतला' असा क्रियापदाचा फेर सोडला तर), आणि कोशातला अर्थही तोच आहे. एवढा अंदाज पुढे जायला पुरतो.

बहुतेक जण मागचं वाक्य बघतात, पुढचं बघायला विसरतात. खुलासा बऱ्याचदा पुढे असतो.

८. अंदाज चुकीचा निघाला आणि तोच डोक्यात बसला तर?

असं होतं, आणि दोन ठिकाणी जास्त होतं. एक म्हणजे दुसऱ्या शब्दासारखे दिसणारे शब्द. 'आपाततः' पाहून 'आपत्ती' आठवते आणि अर्थ 'अचानक' असा लावला जातो. शब्दाचा अर्थ आहे 'वरवर पाहता'. 'आपाततः दोन्ही मसुदे सारखेच वाटतात. कलमं वाचली की फरक दिसतो' असं वाक्य मिळालं तर चूक आपोआप सुधारते. 'आपाततः त्यांचं म्हणणं पटलं' एवढंच मिळालं तर चुकीचा अर्थही बसून जातो. 'अनावृत' (उघडा), 'अनाहूत' (न बोलावलेला) आणि 'अनाहत' (आघाताविना झालेला) ही तिकडीही अशीच गोंधळ घालते.

दुसरं ठिकाण म्हणजे उपरोध. लेखक एखाद्याला 'महाभाग' म्हणत असेल, तर आधी त्याचा सूर बघा.

उपाय: दोन वेगळ्या वाक्यांत अंदाज बसला तरच तो पक्का धरा. एकात बसला आणि दुसऱ्यात अडला, तर तो शब्द प्रश्न ६ मधल्या तिसऱ्या खेपेची वाट न बघता कोशात पाहा.

९. वाचताना सगळं कळतं, पण लिहायला बसलं की तेच चार शब्द येतात. असं का?

ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द यांत प्रत्येकाचं अंतर असतं. ते कधीच पूर्ण मिटत नाही. पण कमी करता येतं. शब्द वापरताना हात आखडतो याचं मुख्य कारण अर्थ माहीत नसणं हे नसतं. त्या शब्दाच्या जोडीला कोण येतं, हे माहीत नसतं. 'बोजवारा' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, पण तो उडतो. कोणी बोजवारा करत नाही. तारांबळही उडते, खिल्ली उडवतात. आळ घेतात, शंका घेतात, संशयही घेतात. आवर घालतात, खो घालतात. दखल घेतात. विरजण पडतं. ही क्रियापदं अर्थावरून काढता येत नाहीत. ती वाचनातच दिसतात.

तेव्हा वाचताना नामावर न थांबता त्याच्या शेजारच्या क्रियापदापर्यंत जा. आणि आठवड्यातून एकदा, पुस्तक मिटून, वाचलेल्या प्रकरणाचा सारांश दहा ओळींत लिहा. लिहून झाल्यावर मूळ मजकूर उघडा. तुम्ही 'गोंधळ झाला' लिहिलंय तिथे लेखकाने काय लिहिलंय ते दिसेल. ही तुलना कुठल्याही यादीपेक्षा जास्त शिकवते, कारण शब्दाची गरज तुम्हाला नुकतीच भासलेली असते.

१०. शब्दांची वही ठेवावी का? माझ्या चार वह्या अर्ध्यावर पडल्यात.

'शब्द = अर्थ' अशी वही असेल तर ती पडणारच. ठेवायची तर अशी ठेवा: उजव्या पानावर पुस्तकातलं अख्खं वाक्य, नवा शब्द जिथे आहे तिथे रिकामी जागा, मागच्या पानावर तो शब्द. काही दिवसांनी वाक्य वाचून जागा भरायची. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं होतं. आठवड्याला पाच-सात वाक्यांच्या वर जाऊ नका, आणि तीनदा बिनचूक आठवलेलं वाक्य सरळ खोडून टाका. खोडाखोड झालेली वही चांगली चाललेली असते.

वही आवडत नसेल तर ठेवू नका. जास्त वाचा, तेही चालतं.

११. 'रोज एक नवा शब्द' असं ठरवलं तर?

निरुपद्रवी आहे, उपयोग थोडा. तो शब्द तुमच्या वाचनातून आलेला नसतो, म्हणून पुन्हा भेटेलच असं नाही.

१२. कोशात शब्द सापडतच नाही. कोश अपुरा, की माझं चुकतंय?

बहुतेक वेळा रूप चुकलेलं असतं. मराठी शब्द वाक्यात सामान्यरूपात येतो आणि कोशात मूळ रूपात असतो. 'विंचवाने' शोधायचा असेल तर 'विंचू' बघा, 'सासवेला' साठी 'सासू'. 'उसाचा' हा 'उ' खाली मिळणार नाही, कारण मूळ शब्द 'ऊस' आहे. 'भावाने' हा 'भाऊ' पासूनही येतो आणि 'भाव' पासूनही. वाक्य बघूनच ठरवावं लागतं. क्रियापद 'णे' लावून शोधा: 'गेला' साठी 'जाणे'. सामासिक शब्द फोडून बघा.

दुसरी अडचण क्रमाची. काही कोशांत 'क्ष' आणि 'ज्ञ' अगदी शेवटी असतात, काहींत 'क' आणि 'ज' च्या जोडाक्षरांत. अनुस्वाराची जागाही कोशागणिक बदलते. कोश नवा असेल तर प्रस्तावनेतलं 'कोश कसा वापरावा' हे पान आधी वाचा. ते कोणी वाचत नाही.

तिसरी अडचण जुन्या लेखनाची. आज आपण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार लिहितो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा (सुधारित आवृत्ती १८५७ ची), आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघालेला. त्यांत 'नाव' हे 'नांव' असं आणि 'करणे' हे 'करणें' असं असतं. 'कवी', 'गती' यांची शेवटची वेलांटी ऱ्हस्व असू शकते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश शोधता येतात. तिथे शब्द मिळाला नाही तर एकदा अनुस्वार देऊन आणि एकदा ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. तेवढ्यानेही अनेकदा काम होतं.

१३. उपसर्ग आणि प्रत्यय शिकून घेतले तर एकदम शेकडो शब्द कळतील का?

बरेच कळतील. 'बे', 'गैर', 'ना', 'अन्', 'निर्', 'दुर्' आणि मागून लागणारे 'खोर', 'आळू', 'दार', 'पणा' एवढे ओळखता आले तरी 'बेछूट', 'गैरलागू', 'चुगलखोर', 'कनवाळू' असले शब्द अडत नाहीत. पण ही किल्ली प्रत्येक कुलपाला चालत नाही. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार, उपहार यांत 'हार' एकच आहे, आणि अर्थांचा एकमेकांशी पत्ता नाही. उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे ओढून नेतो, असं सांगणारा संस्कृतात जुना श्लोकच आहे, आणि त्यात उदाहरणंही बहुतेक हीच दिली आहेत. शिवाय 'बेरीज' आणि 'बेरकी' यांतला 'बे' हा उपसर्ग नाही. फोड करा, पण ती प्रश्न ७ मधल्या अंदाजाला जोड म्हणून.

१४. रोज वर्तमानपत्र वाचतो. तेवढं पुरे नाही का?

बातम्यांची भाषा चाकोरीतली असते. 'खळबळ उडाली', 'ताशेरे ओढले', 'धारेवर धरलं' हे पहिल्या काही महिन्यांत येऊन जातं. पुढे तेच फिरून येतं. अग्रलेख, पुस्तक परीक्षणं आणि पुरवण्यांतले लेख यांत मात्र भरपूर माल असतो. बातम्या चाळा, लेख वाचा.

१५. मोबाईलवर वाचलं तर चालेल? आणि ऐकायची पुस्तकं?

मोबाईलवरही शब्द तेच असतात. सूचना बंद ठेवा, इतकंच.

ऐकण्याचा एक खास फायदा आहे. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला एकच, उच्चाराला वेगळे. नुसत्या वाचनातून आलेला शब्द चारचौघांत चुकीचा उच्चारला जातो तो यामुळेच. मात्र ऐकताना अडलेल्या शब्दापाशी रेंगाळता येत नाही, म्हणून वाचलेलंच पुस्तक नंतर ऐकणं सर्वांत फायद्याचं.

१६. माझं शिक्षण दुसऱ्या भाषेत झालं. मराठी बोलतो अस्खलित, पण वाचायला लागलो की अडखळतो.

तुमची अडचण शब्दांची नसून वेगाची आहे. अक्षरं जुळवण्यातच लक्ष खर्च झालं की अर्थाला उरत नाही. पहिले दोन-तीन महिने नवे शब्द विसरा. संवाद भरपूर असलेल्या गोष्टी, कुमारांसाठी लिहिलेली पुस्तकं असं सोपं, ओळखीच्या बोलीतलं वाचा. ऐकता ऐकता ओळीवरून नजर फिरवणं (प्रश्न १५) इथे फार कामाला येतं. जोडाक्षरं नजरेला एकसंध दिसू लागली, की मग प्रश्न ४ मधली पानाची कसोटी लावा.

१७. साठी जवळ आली. आता काय शब्द वाढणार?

वाढतात. ब्रिसबर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकन इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा मोठा अंदाज मांडला. विसाव्या वर्षी माणसाला सरासरी ४२,००० मूळ शब्द माहीत असतात आणि साठीपर्यंत त्यांत आणखी सुमारे ६,००० ची भर पडते. नावं पटकन न आठवणं वेगळं आणि शब्द न शिकता येणं वेगळं.

१८. शब्द सगळे ओळखीचे, तरी वाक्य कळत नाही. हे कसं?

शब्द ओळखीचा असतो, त्याचा तो अर्थ ओळखीचा नसतो. 'कळ' दाबतात, पोटात कळ येते, कळ सोसतात, आणि दोघांत कळ लावतात. 'पात्र' नदीचं असतं, नाटकातलं असतं, पाण्याचं असतं, आणि उमेदवारही पात्र असतो. असे शब्द नजरेतून सुटतात, कारण ते 'येत असतात'. वाक्य दोनदा वाचूनही कळलं नाही, तर त्यातल्या सर्वांत सोप्या शब्दावर संशय घ्या आणि कोशात त्याच्या पहिल्या अर्थावर न थांबता चौथ्या-पाचव्यापर्यंत जा.

१९. जुन्या पुस्तकांत सापडलेले शब्द आज वापरू का?

ओळखायला सगळे घ्या, वापरायला निवडून. दोन गोष्टी तपासा. शब्द आजही लिहिला जातो का? 'तथापि' लिहिला जातो, 'खचित' क्वचित. आणि अर्थ तोच राहिलाय का? जुन्या मजकुरात 'साहस' म्हणजे अविचाराने केलेलं कृत्य असू शकतं, आज ते कौतुकाने म्हणतात. 'निर्भर' म्हणजे पुरेपूर भरलेला, जसं 'आनंदनिर्भर'. आज बरेच जण तो हिंदीच्या वळणाने 'अवलंबून' या अर्थी वापरतात. एखादा शब्द फक्त एकाच जुन्या पुस्तकात भेटला असेल, तर दुसरीकडे भेटेपर्यंत थांबा.

२०. कोश एक सांगतो आणि लोक दुसऱ्याच अर्थाने वापरतात. कोणाचं ऐकू?

'अपरोक्ष' हे ठळक उदाहरण. 'परोक्ष' म्हणजे नजरेआड, तेव्हा व्युत्पत्तीने 'अपरोक्ष' म्हणजे समोर, प्रत्यक्ष. पण 'माझ्या अपरोक्ष त्याने तक्रार केली' असं म्हणणारे सर्रास 'माझ्या पाठीमागे' असंच म्हणत असतात. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात 'अपरोक्ष ज्ञान' दिसलं तर मूळ अर्थ घ्या; गप्पांत, बातमीत, पत्रात दिसलं तर रूढ अर्थ घ्या. वाचताना दोन्ही माहीत हवेत. स्वतः लिहिताना मात्र हा शब्द टाळलेला बरा: 'माझ्या गैरहजेरीत' किंवा 'माझ्यासमोर' लिहिलं की कोणालाच थांबावं लागत नाही.